जालना जिल्ह्यातील माती व फळबागा : प्रतबंदी ते मोसंबी

प्रास्ताविक

औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याची निर्मिती झाली. जिल्हा नवा असला तरी येथील शेतीची कीर्ती जुनी आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण व्यापारी पेठेसंबंधी सांगितली जाते. परंतु त्या पेठेच्या वैभवामागे कापूस, ज्वारी आणि बागांचे उत्पन्न होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये जालन्याच्या बागांतील फळे हैदराबाद व मुंबईस जात असल्याची नोंद आहे. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाल्यामुळे ही वाहतूक सुकर झाली असावी. आज याच जिल्ह्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन (२०१६) लाभले आहे. तथापि येथील माती फळबागेस मुळातच अनुकूल आहे, असे जे सरसकट म्हटले जाते, ते तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महसुलाची माती

जिल्ह्याची जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनली आहे. उत्तरेस अजिंठ्याचे उतार आणि मध्यभागी जालन्याच्या डोंगररांगा येथे ती उथळ व मुरमाड आहे. पूर्णा, दुधना व विशेषतः गोदावरीकाठी अंबड, घनसावंगी, परतूर या पट्ट्यात ती खोल व काळी आहे.

या मातीचे मोजमाप प्रथम महसुलासाठी झाले. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी घालून दिलेली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात मांडलेली प्रतबंदीची पद्धत पुढे निजामाच्या मराठवाड्यातही थोड्याफार फेरफाराने स्वीकारण्यात आली. मातीचा रंग व पोत पाहून तीन वर्ग, आणि खोलीनुसार एकूण नऊ प्रती. सोळा आणे प्रतीची जमीन म्हणजे एकसारख्या बारीक पोताची, काळी, पावणेदोन हात वा त्याहून अधिक खोल. खोली कमी होत गेली की आणे उतरत. शेवटची प्रत दोन आण्यांची. चुनखड, वाळू, उतार, पाणी साचणे हे दोष आढळल्यास प्रत आणखी खाली येई.

पद्धत काटेकोर होती, यात शंका नाही. परंतु मोजणीदाराचा प्रश्न ज्वारी, गहू आणि कापसाचा होता. रब्बीच्या ज्वारीस पावणेदोन हात माती हिवाळाभर ओल पुरवते. त्याखाली काय आहे याच्याशी सरकारी साऱ्याला कर्तव्य नव्हते. त्यामुळे दीड मीटरवर मुरूम लागणारी जमीन आणि दोन पुरुष खोल निव्वळ चिकण असलेली जमीन, दोन्ही सोळा आण्यांच्याच ठरल्या. झाडाची चौकशी मात्र जेथे मोजणीदार थांबला, तेथूनच सुरू होते.

झाडाची माती

मोसंबीस मध्यम काळी, सुमारे एक ते दीड मीटर खोल, खाली मुरूम असलेली व निचऱ्याची जमीन मानवते. चुन्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असल्यास लोह व जस्त मुळांना मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात. भारी काळ्या जमिनीतील चिकण पावसाळ्यात फुगते, मुळांना हवा मिळत नाही आणि डिंक्या रोग बळावतो. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळून कोवळी मुळे तोडते. कलमांसाठी जंबेरीऐवजी रंगपूर खुंटाची आणि खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळ्याची शिफारस केली जाते, त्याचे कारण हेच आहे.

मातीचा फरक सर्वाधिक जाणवतो तो बहार धरताना. आंबे बहारासाठी बागेस पाणी तोडून ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो. भारी जमिनीत ओल लवकर हटत नाही, तेथे दोन महिनेही लागतात. म्हणजे ज्वारीच्या बाबतीत जो गुण सोळा आण्यांचा, तोच येथे अडचणीचा. जुन्या बागाईतदारास हे पूर्वापार ठाऊक होते. प्रत मात्र कागदावरच राहिली आणि 'काळी म्हणजे कसदार' हा समजही टिकला.

१९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या समजास बळच दिले. काळ्या जमिनीस मोकाट पाणी मिळाले. ऊस वाढला, आणि निचरा नसलेल्या ठिकाणी जमिनी खारवट-चोपण होण्याचा धोकाही.

पाण्याचा प्रश्न

मातीची निवड अचूक असली तरी बाग विहिरीवरच जगते. बेसाल्टात पाणी धरतो तो कुजका, मांजऱ्या खडक. त्याचा साठा मर्यादित. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील हजारो हेक्टर मोसंबी वाळली, पंधरा-वीस वर्षांची झाडे तोडून सरपण झाली. त्या वेळी चांगली माती व वाईट माती असा भेद फारसा उरला नाही.

याच काळात जालन्याजवळील कडवंची गावाच्या द्राक्षबागा टिकल्या. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने १९९६ पासून तेथे पाणलोटाची कामे झाली होती; पुढे शेकडो शेततळी व ठिबक आले. तेथील बरीच जमीन उथळ आहे, प्रतबंदीच्या हिशेबात खालच्या आण्यांची. मुरमातला निचरा द्राक्षास उपकारक ठरला, आणि माती जी ओल धरू शकत नव्हती ती तळ्याने धरली. मात्र कडवंचीत आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवले गेले, शेततळी नंतर आली. हा क्रम अनुकरण करणारे पुष्कळदा विसरतात. विहिरीतून उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात साठवलेले पाणी हे शेजाऱ्याच्याच झऱ्याचे असते, आणि हे सातबाऱ्यावर कोठेही नोंदलेले नसते.

नवीन लागवडीपूर्वी माती परीक्षण करण्याची प्रथा आता रुजते आहे. परंतु नमुना बहुधा वरच्या एक फुटाचाच घेतला जातो. खते ठरवण्यास तो पुरेसा आहे. वीस वर्षे उभ्या राहणाऱ्या झाडासाठी मीटर-दीड मीटर खोल खड्डा घेऊन थरांचे नमुने काढणे आणि खाली चुनखड लागते की मुरूम, हे डोळ्यांनी पाहणे आवश्यक आहे. असा एक खड्डा खणण्यास दोन माणसांना अर्धा दिवसही पुरतो.