पहिल्यांदा ऐकलेलं गाणं : गीतरामायण, जलसा आणि इगतपुरीची रेल्वे चाळ

बाहेर पाऊस आहे, आणि इगतपुरीचा पाऊस म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. तरी एवढी माणसं आलीत. मागच्यांना ऐकू येत नसेल तर हात वर करा, पत्रा फार वाजतोय.

मला विषय दिलाय तो असा : पहिल्याच ऐकण्यात मनावर ठसलेली गाणी. मी पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळं संयोजकांना वाटलं असणार की हे सौंदर्यशास्त्र वगैरे बोलतील. थोडं बोलेन, सवय जात नाही. पण मुख्यतः मी इतिहास सांगणार आहे, कारण ऐकण्यालाही इतिहास असतो हे आपण विसरतो.

असं बघा. हिंदुस्थानात गाण्याचं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, कलकत्त्याला, आणि गौहरजानचा आवाज त्या पहिल्या आवाजांतला. त्याच्या आधी कुठलंही गाणं ऐकायचं म्हणजे गाणारा समोर पाहिजे. एकदा ऐकलं की ते गेलं. पुन्हा म्हटलं तरी ते तेच नसायचं. नाटक कंपन्यांच्या काळात आपल्या लोकांनी त्यावर एक तोड काढली, वन्समोअर ओरडायची. किर्लोस्करांच्या सौभद्रापासून बालगंधर्वांपर्यंत प्रेक्षकांनी रात्री लांबवल्या त्या या भीतीपोटी, की हे आता हातातून जाणार. मग तबकडी आली, रेडिओ आला, कॅसेट आली. आणि आता फोन. आता माझ्या नातवाला गाण्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा आधी भेटतो, गाणं नंतर भेटतं, किंवा भेटतच नाही. त्याला मी विचारलं, तू हे गाणं पहिल्यांदा कधी ऐकलंस? त्याला प्रश्नच कळला नाही.

मला मात्र दोन गाण्यांच्या बाबतीत नक्की सांगता येतं. दोन्ही याच गावात ऐकली.

पहिलं गीतरामायणातलं. त्याचा इतिहास आधी सांगतो, कारण पुष्कळांना ते सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात माहीत आहे. ते नंतरचं. पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झालं १९५३ च्या ऑक्टोबरात. तिथं सीताकांत लाड होते, त्यांनी ग. दि. माडगूळकरांना म्हटलं की वर्षभर चालेल असं काहीतरी लिहा. गदिमांनी राम घेतला. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमीचा दिवस, सकाळी पावणेनऊला पहिलं गाणं लागलं. मग दर आठवड्याला एक. ठरली होती बावन्न, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून छप्पन्न झाली. १९५६ च्या रामनवमीला मालिका संपली. त्या मूळ प्रक्षेपणात आवाज वेगवेगळे होते, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके अशी कितीतरी माणसं. नवं गाणं लागलं की पुण्यातली वर्तमानपत्रं त्याचे शब्द छापायची. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे, हे तुम्ही ऐकलंच असेल. त्यातली भक्ती सगळ्यांना दिसते. मला त्यातली वाट पाहणं दिसतं. सात दिवस थांबायचं, पंधरा मिनिटं ऐकायचं, मग पुन्हा सात दिवस. शनिवारी-रविवारी तेच पुन्हा लावत असत, पण तेवढंच. ते हुकलं की हुकलं.

मी तेव्हा पाच वर्षांचा, मला त्यातलं काही आठवत नाही. मी ऐकलं ते १९५९ च्या आसपास, आकाशवाणीने पुन्हा लावलं तेव्हा. आमच्याकडे रेडिओ नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते. आमच्या चाळीच्या वरच्या अंगाला बाबू लोकांचे क्वार्टर. तिथल्या एका घराच्या खिडकीत रेडिओ असे, बाहेर बांबूला बांधलेली एरियलची तार. मी शाळेला जाताना त्या खिडकीखाली उभा राहायचो. घरातल्या काकूंनी कधी हाकललं नाही. आत या असंही कधी म्हणाल्या नाहीत.

आणि इगतपुरीत रेडिओ ऐकणं म्हणजे काय! घाट चढताना गाडीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात, सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे हा. ती इथं सुटायची. मुंबईहून आलेलं विजेचं इंजिन इथंच सुटायचं, कारण तेव्हा वीज इगतपुरीपर्यंतच होती, पुढं भुसावळकडे वाफ. म्हणजे दिवसभर शंटिंग, शिट्ट्या, वाफ सोडल्याचा आवाज. गाण्याची अर्धी ओळ यायची, अर्धी इंजिन खायचं. हल्ली जगभरातून माणसं धम्मगिरीला येतात आणि म्हणतात, काय शांत गाव आहे. मला हसू येतं.

तर त्या खिडकीखाली मी गीतरामायणातलं पहिलं गाणं ऐकलं. भूप रागातलं. त्यातला प्रसंग असा की अयोध्येच्या राजसभेत दोन मुलं येतात, कुश आणि लव, आणि रामायण गातात. ऐकणारा कोण, तर स्वतः राम. त्याला हे माहीत नाही की ही आपलीच मुलं. माझ्या अंगावर काटा आला. नऊ वर्षांच्या पोराला राग कळत नाही, गदिमांची शब्दकळा कळत नाही. मला एवढंच कळलं की बाप समोर बसलाय, मुलं गातायत, आणि बापाला ओळख पटत नाही. ते मी शाळेच्या वाटेवर म्हणत गेलो. संध्याकाळी नळावर पाणी भरताना म्हणत होतो, घरातही म्हणत होतो.

आई म्हणाली, "गप, आबा ऐकतील."

आता आई असं का म्हणाली, त्यासाठी पुन्हा मागं जावं लागतं. आम्ही महारवाड्यातली माणसं. आबांचं गाव घोटीजवळ. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व, आणि रोजचा सगळा भार दादासाहेब गायकवाडांवर. त्या वेळी आबा अठरा वर्षांचे होते. गावातल्या चौघांबरोबर चालत नाशिकला गेले. हजारो माणसांची मिरवणूक मंदिरापाशी आली तर दारं बंद. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही चारही दरवाजांवर बसले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. हे प्रकरण पुढं काही वर्षं रेंगाळत चाललं, दार काही उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. तारखा जरा शेजारी ठेवून बघा. एप्रिल १९५६ मध्ये गीतरामायण संपलं, घराघरात राम पोचला. सहा महिन्यांनी लाखो लोकांनी रामाला देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली, त्यात आमचं घर होतं. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाची पुस्तकं मी पुष्कळ चाळली. या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. एका पानावर क्वचितच.

आबांनी ऐकलं होतंच. म्हणाले, "काय म्हणतोस?"

"काही नाही."

"म्हण. पुरं म्हण."

जेवढं येत होतं तेवढं म्हटलं. मधल्या ओळी इंजिनाने खाल्लेल्या, तिथं नुसतं गुणगुणलो. त्यांनी विचारलं, कोण गातंय हे? मी सांगितलं, रामाची पोरं आहेत, पण रामाला माहीत नाही. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही दारात बसलो होतो तेव्हाही त्याला माहीत नव्हतं." आणि उठता उठता, "चाल चांगली आहे. पण घरात नको म्हणू."

मला राग आला होता. आज सत्तरी उलटल्यावर सांगतो, तो पुष्कळ वर्षं गेला नव्हता.

दुसरं गाणं त्याच वर्षातलं. भीमजयंतीला चाळीपुढच्या मोकळ्या जागेत गायन पार्टी आली. याचाही इतिहास मोठा आहे, मी धावत सांगतो. सत्यशोधक समाजाने तमाशाचा साचा घेऊन जलसे उभे केले. तोच धागा आंबेडकरी चळवळीने उचलला, आणि त्यात नाशिक जिल्हा पुढं होता. १९३० नंतर भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. ढोलकी तीच, पेटी तीच. पण गणपतीच्या जागी दुसरं वंदन आलं, आणि वगाच्या जागी आमच्याच गावातला पाटील, सावकार, पाणवठा. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला पुणे करार काय, येवल्याची घोषणा काय, ते जलशात कळलं. नंतर आले वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२. लहानपणी शाळा नाही, मोठेपणी मुंबईत मजुरी करताना अक्षर ओळख झाली. १९४३ साली पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवरचं विडंबन. लोक नाकं मुरडतात, सिनेमाच्या चाली म्हणून. अहो, चाल ओळखीची असली की नव्या शब्दांना वाट मिळते. अभंग-ओवीचं तरी दुसरं काय होतं?

त्या रात्री पार्टीने वामनदादांची गाणी म्हटली. मी आबांच्या मांडीवर होतो, गॅसबत्तीचा उजेड, किडे. आणि मी पहिल्यांदा ऐकलं की आमच्या घरात बोलतात ते शब्द पेटीवर म्हणता येतात. शाळेत ज्या शब्दांवर मास्तर छडी मारायचे तेच शब्द. माझी आई तोंडाला पदर लावून रडत होती, हसतही होती. एक म्हातारी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "पुन्ना म्हणा." वन्समोअर! सौभद्राच्या प्रेक्षकाने मागितला तोच. फक्त तिला ते गाणं हातातून जाईल ही भीती नव्हती, असं मला वाटतं. आपण ऐकलं ते खरंच म्हटलं गेलं का, याची तिला खात्री करून घ्यायची होती.

आता थोडं तत्त्वज्ञान, कंटाळू नका. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत एक गाणं ऐकतो, हंसपदिका गात असते. तो अस्वस्थ होतो आणि का ते त्याला कळत नाही. शकुंतलेला तो विसरलेला असतो. कालिदास त्याच्या तोंडी घालतो की असं सुंदर काही ऐकून सुखी माणूसही हुरहुरतो, तेव्हा कुठल्यातरी मागच्या जन्मीचं नातं मनाला आठवत असावं. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने, हजार वर्षांपूर्वी, रसचर्चेत हे उदाहरण घेतलं. त्याचं म्हणणं, ऐकणाऱ्याच्या मनात आधीचे संस्कार नसतील तर रस निर्माण होणारच नाही. म्हणजे पहिलं ऐकणं हे कोऱ्या पाटीवरचं ऐकणं नसतंच. त्याच परंपरेतला उत्पलदेव प्रत्यभिज्ञा सांगताना एका मुलीचं उदाहरण देतो. एका पुरुषाचे गुण नुसते ऐकून ती त्याच्यावर भाळलेली असते. तो प्रत्यक्ष समोर येऊन उभा राहतो तरी तिला तो चारचौघांसारखाच वाटतो. हाच तो, हे कळलं की मग सगळं बदलतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे गाणं पहिल्याच ऐकण्यात पकडतं, त्यात नवेपणा कमी आणि ओळख पटणं जास्त असतं. चाळीतल्या त्या म्हातारीला स्वतःची ओळख पटली. राजसभेत रामाला आपली कथा परक्या मुलांच्या तोंडून ऐकावी लागली.

पण मग माझं काय? जलशात मला माझं घर ओळखू आलं, हे ठीकच आहे. पण खिडकीखाली? ज्याच्या दारावर माझा बाप बसून परत आला, त्याच्या कथेत मला कुणाची ओळख पटली? विद्यापीठात असताना मी यावर एक सोयीचं उत्तर तयार ठेवलं होतं, कला जातिधर्माच्या पलीकडची असते, वगैरे. ते मी आज इथं देणार नाही. ते खोटं आहे असं नाही, पण ते उत्तर देणाऱ्याला खिडकीच्या आतून ऐकता आलेलं असतं. मला वाटतं मी त्या गाण्यात बाहेर उभ्या असलेल्या मुलांना ओळखलं. राम मला त्यात दिसलाच नव्हता. गदिमा-फडक्यांनी ते गाणं तसं बांधलंय की आत बसलेला आणि बाहेर उभा असलेला, दोघांनाही त्यात जागा मिळते. एवढं मोठेपण मी त्यांना बिनशर्त देतो. आणि आबांचं घरात नको म्हणणंही मला आता बरोबर वाटतं. बावीस प्रतिज्ञांची शाई अजून ओली होती. आपलं घर कुणाचं, हे ठरवायचा हक्क त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता.

आबा रिटायर झाल्यावर इथंच राहिले, चाळीच्या मागं दोन खोल्या बांधून. ऐंशीच्या दशकात मी टेपरेकॉर्डर घेतला, सुट्टीत इगतपुरीला घेऊन आलो. वामनदादांच्या कॅसेट त्यांनी स्वतः जयंतीच्या स्टॉलवरून आणलेल्या, त्या लावल्या. दोन दिवसांनी मला म्हणाले, "ते पोरांचं गाणं आहे का तुझ्याकडे?" होतं. मी आत लावायला गेलो तर म्हणाले, "बाहेर ओट्यावर आण." ओट्यावर बसून ऐकायला लागलो. दोन ओळी झाल्या आणि खालून मालगाडी आली, मागं बँकर लावलेली. आबांनी टेप बंद करायला सांगितली. गाडी पुरी जाऊ दिली, शेवटच्या इंजिनाचा आवाज थांबेपर्यंत. मग म्हणाले, "आता पहिल्यापासून लाव."