शुक्रतारा
मंगेश पाडगावकर (१९२९–२०१५) यांनी लिहिलेले व श्रीनिवास खळे (१९२६–२०११) यांनी स्वरबद्ध केलेले मराठी प्रेमगीत. युगुलगीत (पहा : भावगीत). १९६२ मध्ये आकाशवाणीच्या मुंबई केंद्रासाठी अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांच्या आवाजात ते ध्वनिमुद्रित झाले. त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. दाते (१९३४–२०१८) इंदूरचे. मूळचा ओढा गझलेकडे (पहा : गझल), व्यवसाय वस्त्रोद्योगातील अभियंत्याचा. मराठी भावगीतगायक म्हणून त्यांची ओळख या गीतापासून झाली. मल्होत्रा हिंदी चित्रपटांतील पार्श्वगायिका.

संध्याकाळच्या आकाशाखाली जवळ बसलेल्या दोघांचे हे मनोगत आहे. चाल संथ असून दोन्ही आवाज संवादासारखे येतात. स्वर चढा न लावता, शब्दापाशी रेंगाळत गाण्याची दात्यांची पद्धत या रचनेत स्पष्ट ऐकू येते. गीताचा ठसा मुख्यतः या गायनपद्धतीमुळे उमटला.

चित्रपटाच्या आधाराविना, नभोवाणीच्या बळावर प्रेमगीत लोकप्रिय होण्याचे हे ठळक उदाहरण होय. मुंबई-पुण्याबाहेर, भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांत, असे संगीत घरोघरी नेण्याचे मुख्य साधन रेडिओ हेच होते. पूर्व विदर्भासाठी नागपूर केंद्र १९४८ मध्येच सुरू झाले होते (पहा : आकाशवाणी). पुढे दात्यांनी ‘शुक्रतारा’ याच नावाने रंगमंचीय कार्यक्रम केला. त्याचे अडीच हजारांहून अधिक प्रयोग झाले.