सुप्राचा गिअरबॉक्स

हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर 'द फास्ट अँड द फ्युरियस' (२००१) बघितला, तेव्हापासून ती नारिंगी टोयोटा सुप्रा डोक्यात बसलीय. तिच्या घराण्यातली खरी मजेदार गोष्ट मात्र फार उशिरा कळली.

१९९३ साली आलेल्या या सुप्राला इंजिनं दोन: साधं २जेझेड-जीई आणि टर्बोवालं २जेझेड-जीटीई. दोन्ही सहा सिलिंडरची, २९९७ सीसीची. अमेरिकेत साध्याची ताकद २२० हॉर्सपॉवर, टर्बोची ३२०. हौशी मंडळींनी काय केलं, तर स्वस्तातली साधी सुप्रा घेऊन तिच्यात टर्बो इंजिन बसवलं. गिअरबॉक्स? मूळचाच, पाच गिअरचा डब्ल्यू५८. बोल्ट बरोब्बर जुळतात, गाडी पळतेही. पण टर्बोचा दाब वाढवून गाडी दामटली की एक दिवस आतले दात तुटतात.

कारण गिअरचे दात हॉर्सपॉवर नाही, टॉर्क झेलतात. आणि तो साधारण २८५ न्यूटन-मीटरवरून ४२७ वर गेलेला असतो. टोयोटाला हे आधीच ठाऊक होतं. म्हणून तर टर्बो सुप्राला त्यांनी गेट्रागचा सहा गिअरचा दणकट व्ही१६० दिला होता. स्वॅपवाले शेवटी तोच शोधतात, नाहीतर आधीच्या पिढीतल्या टर्बो सुप्राचा आर१५४.

हसू नका! आमच्या ऑफिसात आम्ही सर्व्हर दुप्पट केले होते, डेटाबेस जुनाच. "त्याला काय धाड भरलीय?" असं म्हणणारा मीच. सेलच्या पहिल्याच रात्री तो झोपला आणि पहाटेपर्यंत आम्ही जागे.

असो. दात कुठे तुटतील, हे आता मी आधी विचारतो.