निरोपाची पुरचुंडी

सॉफ्टवेअरमध्ये काम करताना एक गोष्ट लवकर कळते. मेसेज तयार होणं वेगळं आणि तो वेळेवर, योग्य जागी पोचणं वेगळं. पेशीबद्दल हे उमगायला मात्र काही दशकं गेली.

१९६१ साली एमआरएनए सापडला. डीएनएमधला मजकूर केंद्रकाबाहेर नेणारा हा निरोप. रायबोसोम तो वाचतो आणि प्रथिन बनवतो. गोष्ट संपली असंच वाटलं असेल.

१९६४मध्ये मॉस्कोत अलेक्झांडर स्पिरिन आणि त्यांचे सहकारी लोच नावाच्या माशाच्या भ्रूणांवर काम करत होते. नवा एमआरएनए सगळाच रायबोसोमवर चढलेला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. काही एमआरएनए प्रथिनांसोबत बांधलेल्या कणांत होता. कणांची घनता घनसेंटिमीटरला साधारण १.४ ग्रॅम भरली. नुसता आरएनए याहून बराच जड असतो, नुसतं प्रथिन हलकं. म्हणजे कणात दोन्ही होते, आणि प्रथिन जास्त. स्पिरिन यांनी त्यांना 'इन्फॉर्मोसोम' म्हटलं. भ्रूण निरोप आधी लिहितो आणि वेळ येईपर्यंत बांधून ठेवतो, असा त्यांचा तर्क होता.

यावर शंका आली, आणि ती रास्त होती. आरएनएला प्रथिनं सहज चिकटतात. पेशी फोडल्यावर ती नंतर चिकटली नसतील कशावरून? ही पुरचुंडी आहे की कचरा?

याचं उत्तर जिवंत पेशीतच मिळणार होतं. १९९३मध्ये मेंदूतल्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींत चमकणारा एमआरएनए सोडला, तेव्हा त्याचे ठिपके बनले आणि पेशीच्या फांद्यांतून पुढे सरकले. १९९८मध्ये रॉबर्ट सिंगर यांच्या गटाने यीस्टमधल्या 'ॲश१' एमआरएनएला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं. मायोसिन या मोटर-प्रथिनाच्या जोरावर तो कण आईपेशीतून नव्या कळीकडे जाताना सरळ कॅमेऱ्यात दिसला. पुरचुंडी खरी होती, आणि तिला पत्ताही होता.

हा वाद फक्त प्रयोगशाळेपुरता नाही. एफयूएस हे आरएनएला धरणारं प्रथिन. एएलएस या आजारात हालचालींच्या चेतापेशी मरत जातात, माणसाचे हातपाय हळूहळू थांबतात. हा आजार असलेल्या काही कुटुंबांत एफयूएसच्या जनुकात बिघाड असल्याचं २००९मध्ये कळलं. २०१५मध्ये दिसलं की या प्रथिनाचे द्रवासारखे थेंब काळाबरोबर घट्ट होतात, आणि बिघाड असेल तर लवकर.

निरोप बांधायला जमतं. खरी कसोटी गाठ वेळेवर सुटण्याची आहे.