शुक्रवारचे ताट आणि शाब्लीचा द्राक्षारस

मासळीबरोबर पांढरा द्राक्षारस व मांसाबरोबर तांबडा, हा युरोपीय मेजवानीचा नियम श्रीमंतांच्या चोखंदळपणातून निघाला असावा, अशी आपली समजूत असते. फ्रान्समधील शाब्ली या लहानशा गावाचा इतिहास चाळला, की त्या नियमामागे मठातील उपवासाचे ताट दिसू लागते.

शाब्ली हे बर्गंडीच्या उत्तर टोकाला, सरँ नदीच्या काठी वसलेले आहे. इ. स. ८६७ मध्ये फ्रँकांचा राजा चार्ल्स याने तेथील एक मठ तूर येथील संत मार्टिनच्या संन्याशांना दिला. पुढे १११४ साली, त्याच नदीच्या खालच्या अंगाला, पाँतिन्यी येथे सिस्टर्शियन संघाचा मठ स्थापन झाला. १११८ च्या सुमारास या नव्या मठाने संत मार्टिनच्या संन्याशांकडून शाब्लीचे काही द्राक्षमळे खंडाने घेतले. मिस्सेसाठी द्राक्षारस हवाच होता. जेवणासाठीही हवा होता.

संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत चतुष्पाद प्राण्यांचे मांस आजाऱ्यांखेरीज सर्वांना वर्ज्य आहे. द्राक्षारसाचे मात्र रोजचे एक माप मान्य आहे. मठाबाहेरच्या प्रापंचिकांनाही शुक्रवार, प्रायश्चित्तकाळ आणि सणांच्या पूर्वदिनी मांस निषिद्ध असे. असे दिवस वर्षाकाठी शंभराहून अधिक भरत. त्या दिवशी ताटात मासळी आणि पेल्यात त्या भूमीत पिकलेला द्राक्षारस. शाब्लीची हवा थंड. तेथील द्राक्षे आपली आंबट धार सोडत नाहीत. आपल्या गृहिणी बांगड्याच्या कालवणात चिंच किंवा आमसूल घालतात, तेच काम तेथे हा द्राक्षारस करतो. तांबड्या द्राक्षारसाने मासळीची हिमूस का वाढते, याचाही शोध पुढे लागला. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की द्राक्षारसातील लोहाचा अंश त्यास कारणीभूत असतो, आणि तांबड्यात हा अंश सहसा अधिक असतो. मठवासीयांना हे रसायन ठाऊक नव्हते. जिभेला ठाऊक होते.

पिंपे गाडीने ओसेरच्या धक्क्यावर जात, तेथून योन नदीने सेन नदीत आणि सेनमार्गे पॅरिसला. पॅरिसमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून कालवेही येत. कालवे मांसात मोडत नसल्यामुळे उपवासाला चालत. शाब्लीच्या मातीतही सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या कालवांचे शिंपले सापडतात. त्यामुळेच तो द्राक्षारस कालवांशी जुळतो, असे विक्रेते सांगतात. मला ते काव्य वाटते.

येथवरची कथा साधेपणाची. परंतु मांस टाळले म्हणजे उपवास घडला, असे थोडेच आहे? ११२५ च्या सुमारास संत बर्नार्ड यांनी आपल्या 'अपोलोजिया' या ग्रंथात मठांतील जेवणावळींची भेदक थट्टा केली. मांस नाही, पण माशांचे पदार्थ एकामागून एक. अंडी नाना तऱ्हांनी रांधलेली. आणि द्राक्षारसाचे पेले हुंगून, चाखून त्यांतला सर्वांत कडक निवडायचा! रोख क्लूनी परंपरेच्या मठांवर असला, तरी पाँतिन्यीचे पहिले मठाधिपती ह्यू हे बर्नार्ड यांचे जिवलग मित्र होते. त्यांनीही तो ग्रंथ वाचून आपल्या भोजनगृहाकडे एकदा पाहिले असेल, असे मला उगीच वाटते.

इशारा फारसा कोणी मानला नाही. १७३५ साली झां-फ्रांस्वा द त्रुआ या चित्रकाराने व्हर्सायच्या राजवाड्यासाठी कालवांच्या मेजवानीचे चित्र रंगवले. जमिनीवर शिंपल्यांचा खच, टेबलाभोवती रंगात आलेले सरदार, आणि शँपेनचे बूच वर उडालेले. प्रायश्चित्ताचा मागमूसही नाही.

१९६६ साली पोप पॉल सहावे यांनी शुक्रवारच्या शिस्तीची फेरमांडणी केली आणि प्रायश्चित्ताचा आशय दानधर्म व प्रार्थनेशी जोडला. आमच्या वसईत मात्र आजही प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मटण टाळून पापलेट आणले जाते, आणि ते मटणाहून महाग पडते. अशा घरी मला आग्रहाने वाढले जाते व मीही नाही म्हणत नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीत पाँतिन्यीची मालमत्ता जप्त झाली, मळे विकले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा किडीने वेली पोखरल्या. रेल्वेने दक्षिणेचा स्वस्त माल पॅरिसला आणला होताच. १९३८ साली शाब्लीच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. मठाचे भव्य, बिनसजावटीचे चर्च अजून उभे आहे.