मडगार्डवरचा नंबर

स्मरणिकेसाठी कॅम्प चारच्या इतिहासावर काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. गावाचा इतिहास माझ्याहून चांगला जाणणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि इतिहासाच्या पेपरात मला किती मार्क पडायचे हे बाई अजून विसरल्या नसतील. मग वाटलं, एका लहानशा गोष्टीचा इतिहास आपल्याला जमेल. सायकलवरून जाणाऱ्या माणसाजवळ त्याची ओळख पटवणारं काय असायचं, आणि आता काय असतं, एवढाच. विषय किरकोळ वाटेल. पण नववीत असताना या गोष्टीने मला घरी पोचवलं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी ती जवळ नसल्याने काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आपलं गावच मुळी नंबरांचं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराची छावणी उभी राहिली. दोन हजारांवर बॅरेकी आणि पाच कॅम्प. पुढच्या मुलुखात जाणाऱ्या फौजा इथे थांबत. त्या काळी ब्रिटिश फौजेतल्या शिपायाच्या गळ्यात दोन चकत्या असत, एक हिरवी आठकोनी आणि एक लाल गोल. दोन्हींवर नाव, नंबर आणि धर्म. शिपाई पडला तर लाल चकती काढून नोंदीसाठी न्यायची आणि हिरवी देहाबरोबर ठेवायची. म्हणजे बोलू न शकणाऱ्या माणसाची ओळख दुसऱ्याला कळावी, हा विचार आपल्या बॅरेकींच्या पहिल्या रहिवाशांच्या गळ्यातच होता. ज्या बॅरेकीत बसून आपण पाढे म्हटले, तिथे आधी कोण राहून गेलं होतं याची आपल्याला तेव्हा कल्पना नव्हती.

फाळणीनंतर त्याच बॅरेकीत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली. बहुतेक माणसं कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून कल्याणला आली. घरदार मागे राहिलं, बरोबर आलं ते अंगावरचं आणि हातातलं. इथे पहिलं काम नोंदणीचं. कुटुंबात माणसं किती, कोणती बॅरेक, कोणती खोली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर नाव मिळालं. पण पत्ता सांगताना आपण अजूनही आधी कॅम्प सांगतो, मग बॅरेक आणि मग खोली. आपल्या वर्गातल्या सिंधी मित्रांच्या घरी रेशन कार्ड देवाच्या तसबिरीमागे ठेवलेलं असायचं. कागद हरवला की माणूस हरवतो, हे त्या घरांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्यानंतर आली सायकल. १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो सुरू झाली, आणि सायकल कामगाराच्या आवाक्यात येऊ लागली. आपल्या बाजूला अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, काड्यापेटीचा विमकोचा कारखाना, शहाडला सेंच्युरी रेयॉन. पाळी सुटायच्या वेळी रस्त्यावर सायकलींची रांग लागे. फॅक्टरीच्या गेटवर पास दाखवावा लागे, म्हणून तो शर्टाच्या खिशात कायम असायचा. तो दिला होता गेटवरच्या पहारेकऱ्यासाठी, पण रस्त्यात कोणी चक्कर येऊन पडला तर लोक आधी त्याच पासाला हात घालत. माझे वडील अंबरनाथला एका खासगी कारखान्यात होते. पास घरी राहिला तर ते अर्ध्या वाटेतून परत यायचे.

खुद्द सायकललाही ओळख लागायची. त्या काळी अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पैसे भरले की पत्र्याचा नाहीतर पितळेचा बिल्ला देत. त्यावर नंबर आणि साल. तो हँडलखाली ठोकलेला नसला की दंड. अंधार पडल्यावर दिवा नसेल तर पोलीस थांबवायचे आणि डबल सीट दिसली तरी थांबवायचे. दिव्यातलं रॉकेल संपलेलं, म्हणून पोलीस दिसताच उतरून सायकल हातात धरून चालणारे आपले एक सर मला चांगले आठवतात. यात एक गोष्ट लक्षात येते. हा बिल्ला सरकारसाठी होता. कर भरला की नाही, एवढंच तो सांगायचा. सायकलवरचा माणूस कोण, हे त्यावरून रस्त्यावरच्या कोणाला कळत नसे.

सायकल आणि ओळखीचे कागद यांची आपल्याकडची सगळ्यात लांबची कहाणी मुंबईची आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरचा फेरा पुरा करून मार्च १९२८ मध्ये परतले. हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा १९२० सालचा, म्हणजे तेव्हा अगदी ताजा. वाळवंट आणि जंगल पायाच्या जोरावर पार करता येतं, पण सरहद्द ओलांडायला कागदच लागतो. या तिघांना तो देशोदेशी जपत न्यावा लागला.

आमचा प्रवास तेवढा मोठा नव्हता. भाड्याची सायकल तासाला तीस पैसे. दुकानदार जाडजूड वहीत चार गोष्टी लिहायचा: नाव, पत्ता, वेळ आणि ओळख देणारा. हा चौथा रकाना भरला नाही तर सायकल मिळत नसे. मडगार्डवर दुकानाचं नाव आणि सायकलचा नंबर रंगवलेला असायचा. १९७७ च्या जुलैत आईने मला मावशीकडे अंबरनाथला डबा पोचवायला पाठवलं. दुकानदार मला ओळखत नव्हता. आपल्या वर्गातला एक मित्र दुकानाशेजारीच राहायचा. तो आला, "साईं, हा आमच्या वर्गातला आहे" म्हणाला आणि वहीत सही करून गेला. मला सतरा नंबरची सायकल मिळाली.

परतताना लालचक्कीजवळ चिखलावरून चाक घसरलं. डोकं आपटलं एवढंच आठवतं. पुढचं सगळं ऐकीव. लोक जमले, मला हातगाडीवर घालून जवळच्या डॉक्टरकडे नेलं. खिशात एक रुपया आणि मावशीने दिलेल्या दोन लिमलेटच्या गोळ्या. त्यावरून कोणाला काय कळणार? मग एका भाजीवाल्याचं लक्ष मडगार्डकडे गेलं. त्याने पोराला दुकानावर पिटाळलं. दुकानदाराने वही उघडली, सतरा नंबरपुढे माझी बॅरेक सापडली आणि शेजारी मित्राचं नाव. तोच धावत आमच्या घरी गेला. अर्ध्या तासात आई माझ्या उशाशी होती. वही होती सायकल परत मिळावी म्हणून. तिने परत आणून दिलं मला.

त्या रात्री वडिलांनी स्वतःची सायकल माझ्यासमोर उघडली. सीटखालच्या पिशवीत पाना, सोल्यूशनची ट्यूब, रबराचे तुकडे, वॉल ट्यूब आणि फडकं. हँडलच्या रबरी मुठीत गुंडाळून ठेवलेली पाच रुपयांची नोट आणि तिच्याभोवती नाव-पत्त्याची चिठ्ठी. आई म्हणाली, "अहो, पण मुठीत चिठ्ठी आहे हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?" वडील थोडा वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी शर्टाच्या खिशात आली, पासाला पिनने जोडून. या विषयावर आईचं ते एक वाक्य मला पुढे वाचलेल्या सगळ्यापेक्षा उपयोगी पडलं आहे.

नंतर सायकली गेल्या. स्कूटर आल्या, रिक्षा आल्या, भाड्याची दुकानं मोबाइलची झाली. ओळख मात्र वाढत गेली. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. पण आधार कार्डावर घरी कोणाला फोन करायचा हे नसतं आणि मधुमेह आहे की नाही हेही नसतं. तो विचार विलायतेतल्या एका रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने केला. बॉब ब्रॉची त्याचं नाव. अडचणीत ज्याला फोन करायचा त्याचा नंबर मोबाइलमध्ये 'आयसीई' या नावाने साठवा, असं त्याने २००५ मध्ये सुचवलं. त्या वर्षी ७ जुलैला लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि ही सूचना जगभर पसरली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला आपल्याकडे काय झालं, ते बदलापूरपासून कल्याणपर्यंत कोणाला सांगायला नको. पाणी ओसरल्यावर फोन बंद होते आणि दोरीवर कपड्यांऐवजी रेशन कार्डं वाळत होती. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले कागद तेवढे वाचले. कागद आणि फोन दोन्ही हवेत, हा धडा त्या एका महिन्यात मिळाला.

आता दोन वर्षांपूर्वीचं. साठी आली तशी आपल्यातले काही जण पुन्हा सायकलवर बसले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, आणि खरं सांगायचं तर मजा येते म्हणून. १९७७ मध्ये ज्याने माझ्यासाठी वहीत सही केली, तोही त्यांत होता. गिअरची सायकल, हेल्मेट, सगळं नीट. थंडीतल्या एका सकाळी तो एकटाच बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्याला गेला आणि पडला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका आली, तो रुग्णालयात पोचला. फोन फुटून बंद पडला होता. खिशात पन्नासची नोट आणि घराची किल्ली. चार तास तो तिथल्या नोंदीत 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ' एवढाच होता. इकडे वहिनी फोन लावत होत्या. शेवटी तिथल्या एका कर्मचाऱ्याने त्याच्या टी-शर्टवरचं आपल्या शाळेचं नाव आणि '१९७९' वाचलं. तो आपल्याच शाळेत, आपल्यानंतर बऱ्याच वर्षांनी शिकलेला. त्याने ओळखीत फोन फिरवले आणि निरोप आपल्या ग्रुपवर आला. आपण पोचलो तेव्हा उशीर झाला होता. आधी कळतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण वहिनींचे ते चार तास कोणी परत देऊ शकत नाही.

तेव्हापासून मी वडिलांसारखी चिठ्ठी बाळगतो. काय लिहावं, हे आपल्यातल्या डॉक्टर मंडळींना विचारून ठरवलं. नाव, जन्मसाल, दोन फोन नंबर आणि पुढे नातं. एकच नंबर नको, तो नेमका लागत नाही. मग मधुमेह, रक्तदाब असे आजार आणि चालू औषधं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सगळ्यात वर. एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर तीही. रक्तगट लिहा, पण त्याच्यावर विसंबू नका, रुग्णालय रक्त जुळवून पाहूनच देतं. त्यामागे आपल्याच मुंबईचं एक कारण सांगण्यासारखं आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक दुर्मीळ रक्तगट शोधला. साध्या तपासणीत तो 'ओ' दिसतो, पण त्या माणसाला 'ओ' रक्तही चालत नाही. जगभर तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणूनच ओळखला जातो.

चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून शर्टाच्या खिशात आणि एक प्रत हेल्मेटच्या आत ठेवा. आधार क्रमांक लिहायची गरज नाही. फोन उघडल्याशिवाय आपत्कालीन माहिती दिसण्याची सोय आता बहुतेक फोनमध्ये असते, ती नातवंडांकडून भरून घ्या. बरोबर पाणी, थोडे सुटे पैसे, पंक्चरचं सामान आणि पहाटे निघणार असाल तर मागचा लाल दिवा.

आणि कोणी पडलेला दिसला तर थांबा. पूर्वी पोलिसांच्या चौकशीला घाबरून माणसं बाजूने निघून जायची. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तसं कलमही आलं. मदत करणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. नाव कळायला हवं ते पडलेल्याचं.

आपल्या बॅचने ठरवलं आहे की या मेळाव्यात प्रत्येकाच्या हाती एक कोरं कार्ड द्यायचं. गुरुजनांनाही. जेवणाआधी भरायचं आणि शेजारी बसलेल्याने ते वाचून खाली 'ओळख देणारा' म्हणून सही करायची. सायकल चालवत नसलात तरी भरा, चालणाऱ्यालाही चक्कर येते. माझ्या कार्डावर सही कोणी करायची हा प्रश्न होता. वहिनी येणार आहेत. मी त्यांना विचारलं, त्या हो म्हणाल्या.