विनाशुल्क विज्ञानशिक्षण आणि परिभाषेचा प्रश्न : शिवडी-परळच्या संदर्भात एक टिपण

शिवडीहून न्हावा-शेवाकडे जाणारा २१.८ कि.मी. लांबीचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. असे सेतू ज्या स्थापत्यशास्त्राच्या बळावर उभे राहतात, त्या शास्त्राची पदवी-पातळीवरील व्याख्याने आज महाजालावर विनाशुल्क ऐकावयास मिळतात. भारतीय तंत्रविज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून चालविलेला एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम आणि केंद्र शासनाने २०१७ साली सुरू केलेले ‘स्वयम्’ हे व्यासपीठ यांमुळे हे शक्य झाले. प्रमाणपत्राची परीक्षा द्यावयाची असल्यास शुल्क पडते. श्रवणास काही पडत नाही. म्हणजे सेतूच्या पायथ्याशी, शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहणाऱ्या विद्यार्थ्यासही ही व्याख्याने खुली आहेत. तथापि मूळ व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत आहेत आणि हा विद्यार्थी पुष्कळदा मराठी माध्यमातून शिकलेला असतो. शुल्क नाहीसे झाले म्हणजे ज्ञान सुलभ झाले काय, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. त्याचा पूर्वेतिहास पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

या इतिहासाचा आरंभ १८२३ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘इंजिनियर इन्स्टिट्यूशन’पासून धरता येईल. कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखालील या संस्थेत गणित मराठी व गुजराती भाषांतून शिकविले जाई, आणि त्यासाठी जर्विस यांनी गणितग्रंथ मराठीत आणविले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकाने शास्त्रीय विषय सामान्य वाचकापुढे ठेवले. १८४८ साली निघालेल्या ज्ञानप्रसारक सभेच्या मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग हे व्याकरणकार होते, ही गोष्ट भाषाभ्यासकाने विशेष ध्यानी घेण्यासारखी आहे. या तिन्ही प्रयत्नांत एक समान धागा दिसतो. शिकविणारा आणि शब्द घडविणारा हे एकाच वर्तुळातले होते. विषय मांडता मांडताच परिभाषा सिद्ध होत होती.

विसाव्या शतकात शिक्षणाचे कार्य गिरणगावापर्यंत पोहोचले. १९११ साली ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. याच वस्तीत परिभाषेचा आणखी एक स्रोत वाहत होता. कामगारांनी मागाला ‘साचा’ म्हटले, विणकामाच्या विभागाला ‘साळखाते’ म्हटले, आणि ‘धोटा’ हा जुन्या हातमागावरचा शब्द यंत्रमागावरही चालविला. हे शब्द कोणत्याही समितीने ठरविले नव्हते. रोजच्या कामात त्यांचा उपयोग होता म्हणून ते रुजले.

राज्यस्थापनेनंतर मात्र ही दोन कार्ये परस्परांपासून दूर गेली असे दिसते. १९६० नंतर भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले, विश्वकोशाचे खंड १९७६ पासून प्रकाशित होऊ लागले, आणि आज हे साहित्यही महाजालावर विनामूल्य पाहता येते. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने मासिक व व्याख्याने यांद्वारे ही परिभाषा वापरात आणण्याचा यत्न केला. परंतु उच्च तांत्रिक शिक्षण इंग्रजीतच राहिल्याने कोशातील पुष्कळ शब्दांना वर्गात वावरण्याची संधीच मिळाली नाही. परिणामी शब्दांत एकवाक्यताही आली नाही. वेगवाढीच्या दराला विश्वकोश ‘प्रवेग’ म्हणतो, शालेय पाठ्यपुस्तक ‘त्वरण’ म्हणते, आणि महाजालावरील व्याख्याता ‘ॲक्सिलरेशन’ म्हणतो. संकल्पना एकच, पण विद्यार्थ्यास ती तीन वेळा ओळखावी लागते.

अडचण केवळ पारिभाषिक शब्दांची नाही, हे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या कार्यावरून स्पष्ट होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंगभूत असे हे केंद्र १९७४ साली सुरू झाले आणि आरंभी नाना चौकातील महापालिका शाळेत होते. प्रा. वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी महापालिका शाळांतील मुलांबरोबर काम करताना मराठी पाठ्यपुस्तकांची भाषाच आकलनाच्या आड येते असे दाखवून दिले; तोच आशय सोप्या वाक्यरचनेत लिहिला असता मुलांची प्रगती सुधारली. पुस्तक मराठीत असूनही ते मुलांच्या मराठीत नव्हते, असा याचा अर्थ होतो.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम अभ्यसनीय ठरतो. संगणकप्रणाली शिकविणारे त्याचे सुमारे दहा मिनिटांचे पाठ विनामूल्य असून मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. निवेदन मराठीत चालते, पडद्यावरील अक्षरे इंग्रजीत राहतात. नोकरीच्या जागी लागणारा इंग्रजी शब्द डोळ्यांसमोर राहतो आणि त्यामागील कृती मात्र स्वभाषेत उलगडते. गिरणी कामगाराने यंत्राशी जी तडजोड नकळत केली, तीच येथे हेतुपुरस्सर केलेली आहे. संगणकप्रणाली शिकविण्यास ती पुरते. गणितातील सिद्धता किंवा बलविज्ञानातील युक्तिवाद तेवढ्याने मराठीत येईल असे म्हणता येणार नाही, कारण तेथे शब्दांबरोबर विचाराची वाक्यरचनाही घडवावी लागते.

तात्पर्य, गेल्या दोनशे वर्षांत ज्ञान विनाशुल्क करण्याचे साधन वेळोवेळी सापडले; परिभाषा वापरात आणण्याचे काम मात्र प्रत्येक वेळी मागे पडले. भाषाशास्त्र विभागांनी यातील आपला वाटा उचलला पाहिजे. एखादा विनामूल्य अभ्यासक्रम निवडून त्यातील संज्ञांना पाठ्यपुस्तकात, विश्वकोशात आणि शिवडी-परळच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात कोणते शब्द आहेत, याची तुलनात्मक सूची पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एका वर्षात करता येईल. हे काम लहान असले, तरी शिवडीच्या चाळीत व्याख्यान ऐकत बसलेला विद्यार्थी दहाव्या मिनिटाला ते बंद करतो की शेवटपर्यंत ऐकतो, हे पुष्कळ अंशी अशाच कामावर अवलंबून आहे.